एअर रायफलच्या बॅरलच्या तोंडाशी काय बसवायचं, कसं बसवायचं आणि सरळ कसं करायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी क्लबच्या १० मीटर एअर रायफलींची देखभाल बघतोय, स्क्रू आवळणं, साइट म्हणजे नेम धरायचं साधन लावणं, मुलांच्या रायफली झिरो करून देणं, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा लागेल अशी साइट जुळवणं, हे सगळं. पालक आणि नवीन नेमबाज मला तेच तेच प्रश्न विचारतात, आणि त्यातले निम्मे बॅरलच्या पुढच्या टोकाबद्दलचे असतात कारण तिथलीच चूक सगळ्यात उशिरा लक्षात येते. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं. ४.५ मिमीच्या मॅच एअर रायफलबद्दल हे लिहिलंय, मध्ये एक प्रश्न परदेशातल्या मोठ्या रायफलीचा आहे तो वेगळा वाचा.

मझल डिव्हाइस म्हणजे नक्की काय काय येतं त्यात?

बॅरलच्या तोंडाला, म्हणजे छर्रा किंवा गोळी जिथून बाहेर पडते त्या टोकाला जे काही जोडलं जातं ते सगळं. मोठ्या बोअरच्या रायफलीवर मझल ब्रेक असतो, तो गॅस बाजूला आणि थोडा मागे वळवून धक्का कमी करतो. कॉम्पेन्सेटर गॅस वरच्या बाजूला सोडतो म्हणजे तोंड उसळत नाही. फ्लॅश हायडर जळत्या गॅसची ज्वाळा विखुरतो. सायलेन्सर आवाज कमी करतो. आणि आपल्या खेळात यातलं काहीच नसतं, आपल्याकडे असते ती एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे बॅरलच्या पुढे जोडलेली पोकळ नळी, तिच्यावर किंवा बॅरल जॅकेटवर बसलेली फ्रंट साइट आणि बॅरलची वजनं. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून लोक या सगळ्याची खिचडी करतात आणि मग "सर ब्रेक लावू का" म्हणून विचारतात, म्हणून आधीच वेगळं करून सांगितलं.

मग १० मीटरच्या मॅचला मझल ब्रेक किंवा कॉम्पेन्सेटर चालतो का?

नाही. आयएसएसएफच्या, म्हणजे नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमात रायफलसाठी ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर दोन्हीला स्पष्ट बंदी आहे. बॅरलला किंवा एक्स्टेंशन ट्यूबला भोकं पाडलेलीही चालत नाहीत, आणि ट्यूबच्या आत काही बसवलेलंही चालत नाही. पिस्तुलाच्या बॅरलवर भोकं दिसतात ती बघून गोंधळू नका, पिस्तुलाचे नियम वेगळे.

आणि खरं सांगायचं तर आपल्याला त्याची गरजही नाही. मॅच रायफलचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७०-१७५ मीटरच्या आसपास, म्हणजे एनर्जी साडेसात ज्यूलच्या घरात. रायफल चार-साडेचार किलोची. मागे ढकलायला तिथे आहेच काय? जो बारीक हिसका असतो तो आतल्या रचनेनेच मारलेला असतो.

आवाज कमी करणारी नळी घरी चालवली तर? फ्लॅटमध्ये सराव करतो, शेजारी कटकट करतात.

हात लावू नका. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये फायरआर्मच्या व्याख्येतच आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी बनवलेल्या जोडवस्तू धरलेल्या आहेत. ४.५ मिमीची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल बाळगायला लायसन लागत नाही, पण म्हणून तिच्या नावाखाली असली नळी मागवायची किंवा लेथवर करून घ्यायची हे मी कुणालाही सांगणार नाही. मुलगा खेळाडू आहे, उद्या स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीला लागेल, पोलीस व्हेरिफिकेशन होईल, कशाला हा डाग. शेजाऱ्यांचं म्हणाल तर आवाज मुख्यतः छर्रा पेटीच्या पत्र्यावर आदळल्याचा असतो. पेलेट ट्रॅपमध्ये मागे जाड रबर किंवा डक्ट सीलची पुट्टी भरा, निम्मी तक्रार तिथेच मिटते.

एक्स्टेंशन ट्यूब लावून फायदा काय होतो?

फ्रंट साइट पुढे जाते. मागची डायप्टर साइट, म्हणजे डोळ्याजवळची बारीक भोकाची साइट, आणि पुढची साइट यांच्यातलं अंतर जितकं जास्त तितकी नेमातली चूक डोळ्याला लवकर दिसते. ट्यूबने छर्ऱ्याचा वेग वाढत नाही, अचूकताही आपोआप वाढत नाही, खरं बॅरल तेवढंच राहतं, ट्यूब फक्त साइट धरून ठेवायला असते. पॉइंट टूटूच्या रायफलवर, म्हणजे ५० मीटरच्या थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) जी लांबलचक पुढची नळी दिसते तीही बहुतेक वेळा हीच. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांवर ब्राँझ घेतलं त्या प्रकारातल्या रायफली बघा, लगेच कळेल मी काय म्हणतोय ते.

पण मर्यादा आहेत. एअर रायफलला सिस्टिमच्या, म्हणजे बॅरलमागच्या यंत्रणेच्या, मागच्या टोकापासून दिसणाऱ्या तोंडापर्यंत, म्हणजे ट्यूब धरून पुढच्या टोकापर्यंत, जास्तीत जास्त ८५० मिमी, आणि फ्रंट साइट त्या दिसणाऱ्या तोंडाच्या पुढे जाता कामा नये. रायफलचं एकूण वजन साडेपाच किलोच्या आत. आणखी एक, जो दुकानदार कधी सांगत नाही : साइट पुढे गेली की तोंडाकडचं वजन पुढे जातं, बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या डाव्या खांद्याला आणि कमरेला ते चाळीस शॉटनंतर कळतं. लहान मुलांना ट्यूब लावायची घाई करू नका, हे माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. आधी पोझिशन पक्की होऊ दे.

बसवण्यापूर्वी काय तयारी करायची?

छर्रा नाही याची खात्री, बोल्ट उघडा, बॅरलमधून सेफ्टी फ्लॅग, म्हणजे बॅरल रिकामं असल्याची खूण म्हणून घालायची रंगीत दोरी, आरपार. हवेचा सिलिंडर काढून ठेवा आणि आत अडकलेली हवा सुरक्षित दिशेला ड्राय फायर करून, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबून, सोडून द्या. तोंडाशी काम करायचंय, म्हणजे तुमची बोटं आणि चेहरा दोन्ही बॅरलसमोर येणार आहेत, त्यामुळे "मला माहितीये रिकामी आहे" हे चालणार नाही, दुसऱ्या माणसालाही बघायला लावा. मी आजही लावतो.

मग ॲलन की, आणि त्या चांगल्या घ्या. घासलेल्या कीने स्क्रूचं डोकं गोल झालं की पुढचा अख्खा दिवस गेला. सुती फडकं, छोटी पाणसळ, गवंडी वापरतात तो ओळंबा, आणि व्हाइस असेल तर त्याच्या जबड्यांना चामडं किंवा जाड रबर. व्हाइसमध्ये बॅरल धरायचं नाही, स्टॉक धरायचा, तोही हलक्या हाताने. आणि सगळ्यात आधी मोबाईलवर आत्ता जसं आहे तसे चारही बाजूंनी फोटो काढा आणि साइटच्या दोन्ही नॉबचे क्लिक मोजून वहीत लिहून ठेवा. परत जुन्या जागी यायचं झालं तर हीच एक खूण असते.

ट्यूब बसवताना कुठे चुकतं?

बसण्याची जागा पुसली नाही तर. बॅरलच्या बाहेरून तेलाचा पापुद्रा असतो, त्यावर जुना धुरळा, आणि ट्यूब त्यावर सरकते. दोन्ही पृष्ठभाग कोरडे पुसून घ्या. ट्यूब हाताने सरकायला हवी, ठोकावी लागत असेल तर ती तुमच्या रायफलची नाही. हलवून बघितली तर टकटक करता कामा नये, तिला खेळ असेल तर स्क्रू कितीही आवळा ती एका बाजूला ओढली जाऊन तिरकी बसणार. शेवटपर्यंत खांद्याला टेकेल इतकी आत ढकलायची, म्हणजे दर वेळी काढून लावली तरी तीच खोली मिळते. स्क्रू आत्ता फक्त पकड येईपर्यंत. पूर्ण आवळायचे नाहीत, कारण अजून सरळ करायचंय.

बॅरलच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, तिला काहीही लागू देऊ नका. छर्रा बॅरल सोडतो तेव्हा त्याचा शेवटचा स्पर्श या कडेशी असतो, तिथे एक खवला उडाला तर हवा एका बाजूने आधी निसटते आणि छर्रा ढकलला जातो. तिथे लोखंडी सळई घालून साफ करणारे लोक मी बघितलेत, तेव्हा जीव खालीवर होतो. साफसफाई मागून, फेल्टच्या गोळ्यांनी.

आता मुख्य प्रश्न. फ्रंट साइट सरळ आहे हे कसं ठरवायचं? नुसत्या डोळ्याने कळत नाही.

नाही कळत, बरोबर आहे तुमचं. ज्याला कळतं असं वाटतं त्याचीच सगळ्यात तिरकी निघते, कारण माणूस रायफल हातात घेतली की मान जराशी कलवतो आणि मग तिरकं तेच सरळ दिसायला लागतं. माझी पद्धत सांगतो, यात कुठलंही महाग यंत्र नाही.

आठ-दहा मीटरवर पांढऱ्या भिंतीसमोर ओळंबा लटकवायचा. दोरा काळा आणि जाड, शिवणाचा नाही, पतंगाच्या चक्रीला असतो त्याहून जाड. पंखा बंद. ओळंबा हलत असेल तर त्याचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, अर्ध्या मिनिटात शांत होतो, ही युक्ती मला एका गवंड्याने शिकवली. मग रायफल व्हाइसमध्ये किंवा दोन वाळूच्या पिशव्यांवर, आणि रिसीव्हरच्या, म्हणजे बॅरलमागच्या मुख्य भागाच्या, वर जी मागची साइट बसायची खाच असते त्या सपाट जागेवर पाणसळ आडवी ठेवायची. मागची साइट त्यासाठी काढावी लागली तर काढा. बुडबुडा मधोमध आला की रायफल सरळ झाली, आता तिला हात लावायचा नाही, सगळं पुढचं काम रायफल न हलवता.

मागची साइट परत लावा. तिची वाऱ्याची, म्हणजे डावी-उजवीकडची नॉब पूर्ण एका टोकाला न्या, मग दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजा, आणि निम्म्यावर आणून थांबवा. हा बरोबर मध्य. आता फ्रंट साइटच्या बोगद्यात नेहमीच्या रिंगऐवजी (जिच्या मधोमध टार्गेटचा काळा गोल धरायचा ती) उभी पट्टी असलेला इन्सर्ट, म्हणजे आत बसवायची चकती, घाला. ती नसेल तर दोन बाजूंना आडव्या दांड्या असलेली रिंग चालते, मग भिंतीवर ओळंब्याला काटकोनात एक आडवी रेघ मारून घ्यायची. डायप्टरमधून बघा आणि दुसऱ्या माणसाला ट्यूब अगदी किंचित फिरवायला सांगा. पट्टी दोऱ्याला समांतर झाली पाहिजे. दोऱ्यावर आली पाहिजे असं नाही, समांतर. बरेच जण इथे चुकतात, दोरा पट्टीच्या मागे लपवायच्या नादात ट्यूब फिरवत बसतात.

समांतर झाली की स्क्रू थोडे थोडे आवळायचे, एक इकडचा एक तिकडचा आलटून पालटून, चाकाचे नट आवळतो तसे. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर ट्यूब हमखास फिरते. आवळून झाल्यावर परत डायप्टरमधून बघा. माझं स्वतःचं पहिल्या झटक्यात क्वचित जमतं, दोन-तीन वेळा सैल करून परत करावं लागतं, आणि तेवढा वेळ द्यायचाच.

एवढं कशाला? थोडी तिरकी असली तरी क्लिक देऊन झिरो करून घेता येतं ना?

येतं. आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. हिशोब बघा. फ्रंट साइट बॅरलच्या मध्यापासून साधारण ६ सेमी वर धरली, तर ती १ अंश कलली की बाजूला सरकते जवळपास १ मिमी. दोन साइटमधलं अंतर ७० सेमी धरलं तर टार्गेटवर ती चूक होते सुमारे दीड सेंटिमीटर. दहाच्या ठिपक्याचा व्यास अर्धा मिमी असतो आणि अख्ख्या काळ्या भागाचा ३०.५ मिमी, म्हणजे एका अंशाने तुम्ही काळ्याच्या काठावर जाऊन पोचलात. नॉब फिरवून ते मध्यभागी आणता येतं, खरंय.

पण मग पोरगं रायफल उचलतं, डायप्टरमधून बघतं आणि त्याला रिंगच्या दांड्या कललेल्या दिसतात. त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं, तरी त्याचा हात ती दांडी आडवी करायला बघतो, म्हणजे अख्खी रायफल कलते. एका शॉटला कलते, एका शॉटला नाही, दमलं की जास्त. आता कॅन्टचा, म्हणजे रायफल कलण्याचा हिशोब असा आहे की १० मीटर जाईपर्यंत छर्रा साधारण १६-१७ मिमी खाली येतो, साइट तेवढं वर धरून ते भरून काढते. रायफल कलली की हे भरून काढणंही त्या बाजूला कलतं. ५ अंशाला जवळपास दीड मिमी बाजूला. डेसिमल स्कोअरिंगमध्ये, म्हणजे दशांशात गुण मोजतात तेव्हा, पाव मिमीला ०.१ गुण जातो, म्हणजे दीड मिमीला अर्ध्या गुणाहून जास्त. १०.६ चा शॉट थेट दहावर. ६० शॉट आहेत.

आमच्याकडे आठवीतली एक मुलगी होती, तिचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, कायम आडवा पसरायचा, उभा कधीच नाही. तिला ट्रिगर झटकते म्हणून सांगितलं, श्वास चुकतोय म्हणून सांगितलं, पायाचा कोन बदलायला लावला, आणि ते सगळं तिने ऐकलं, महिनाभर रोज ड्राय फायर केलं. शेवटी एका शनिवारी मी तिची रायफल ओळंब्यासमोर लावली. पट्टी दोऱ्याशी उघड उघड कोन करून उभी होती, आणि मागची नॉब जवळजवळ शेवटच्या क्लिकवर होती. रायफल क्लबची, साइट आमच्यापैकीच कुणीतरी बसवलेली. त्या दिवशी मी तिची माफी मागितली. तेव्हापासून ग्रुप आडवा पसरला की मी मुलाला काही बोलायच्या आधी रायफल बघतो.

मी रायफल मुद्दामच थोडी कलती धरतो, कोचनेच शिकवलंय. मग?

काही हरकत नाही, मोठमोठे नेमबाज डोकं आणि मान सरळ राहावी म्हणून रायफल थोडी आत कलवतात. कलणं हा दोष नाही, कमी-जास्त कलणं हा दोष आहे. अशा वेळी वरची सगळी पद्धत तशीच, फक्त शेवटी फ्रंट साइटचा बोगदा किंवा त्यातला इन्सर्ट एवढा उलटा फिरवायचा की तुमच्या नेहमीच्या पोझिशनमध्ये दांड्या आडव्या दिसतील. हे व्हाइसमध्ये करता येणार नाही. पोझिशन घ्या, डोळे मिटा, तीन-चार श्वास, डोळे उघडा आणि मागे उभ्या माणसाला सांगा. दहा वेळा करून सरासरी काढा. रायफलवर पाणसळ लावून ठेवायची कल्पना कुणी देईल, सरावाला ठीक आहे, पण मॅचला एअर रायफलवर पाणसळ लावायला बंदी आहे.

स्क्रू किती घट्ट? लॉकटाइट (स्क्रू जाम करणारा गोंद) लावू का?

कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच, आणि टॉर्क स्क्रूड्रायव्हर क्लबने एक घ्यावाच. नसेल तर ॲलन कीचा आखूड पाय हातात धरून आवळा, लांब पाय धरू नका, म्हणजे आपोआप जोर मर्यादेत राहतो. ट्यूब आणि क्लॅम्प ॲल्युमिनियमचे असतात, आटे गेले की गेले. लॉकटाइट मी लावत नाही. आटे स्वच्छ आणि कोरडे असतील तर लागत नाही, आणि लाल रंगाचं तर चुकूनही नको, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही. त्यापेक्षा स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या भागापर्यंत पांढऱ्या नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. स्क्रू हलला की रेघ तुटते, लांबून दिसतं. पाच सेकंदाचं काम, आणि रोज रायफल केसमधून काढली की आधी ती रेघ बघायची.

बॅरलची वजनं कुठे लावायची?

जिथे लावल्यावर रायफल शांत राहते तिथे, याला दुसरं उत्तर नाही. नियमाने वजन बॅरलच्या मध्यापासून ३० मिमी त्रिज्येच्या आत असावं, पुढे-मागे सरकवायला मोकळीक आहे. एका वेळी एकच वजन, तेही छोटं, आणि मग आठवडा द्या. वजन ट्यूबवर क्लॅम्प करत असाल तर ट्यूब परत ओळंब्यासमोर तपासा, क्लॅम्पचा स्क्रू आवळताना ट्यूबही फिरू शकते. दोन्ही बाजूंना सारखं वजन लावा, एकाच बाजूला लोंबकळत ठेवलं तर तेच रायफलला कलवतं.

छर्रा ट्यूबला घासतोय का हे कसं ओळखायचं?

ग्रुप बरा असतो आणि मध्येच एखादा शॉट आठवर, सातवर, तुमचा काही दोष नसताना. हे पहिलं लक्षण. एका पालकाने लेथवर स्वस्तात ट्यूब करून आणली होती, दिसायला इतकी छान, काळं ॲनोडायझिंग वगैरे. आतलं भोक बाहेरच्या गोलाशी एककेंद्री नव्हतं. टॉर्च मारून आत बघितलं तर घड्याळाच्या चारच्या जागी, पुढच्या कडेला, पेन्सिलने घासल्यासारखा करडा चकचकीत पट्टा. शिसं. छर्ऱ्याचा मागचा घेर तिथे लागत होता.

तपासायचं असेल तर कानातला कापूस-कांडी आतल्या कडेवरून गोल फिरवा, एकाच बाजूला करडी झाली तर शंका घ्या. थोडा धुरळा सगळीकडून सारखा असतो तो चालतो. मग ट्यूब काढून, रायफल टेकवून दहा शॉट, ट्यूब लावून दहा शॉट, फरक कागदावर दिसेल. घासणारी ट्यूब आतून घासून मोठी करायच्या फंदात पडू नका, परत करा.

ट्यूब लावल्यापासून रिंग लहान दिसते, काळा भाग रिंगला चिकटल्यासारखा वाटतो.

वाटणारच, रिंग डोळ्यापासून लांब गेली. आधी डोळ्यापासून ८० सेमीवर होती आणि आता ८८ वर गेली तर सारखीच दिसायला ती दहा टक्क्यांनी मोठी हवी. ४.० मिमीची वापरत असाल तर ४.४ लावून बघा. काळ्याभोवती पांढरं कडं स्पष्ट दिसलं पाहिजे. घट्ट रिंग लावली की जास्त अचूक असं नवीन मुलांना वाटतं, होतं उलटं, हलणं जास्त दिसतं आणि मूल शॉट सोडायला घाबरतं.

माझा भाऊ अमेरिकेत आहे, त्याने आटे असलेल्या बॅरलची मोठी रायफल घेतलीय आणि मझल ब्रेक सरळ बसत नाही म्हणतो. तिथे कसं करतात?

तिथे ती वस्तू त्यांच्या राज्याच्या कायद्यात बसते का हे आधी त्याने बघावं, राज्याराज्यांत फरक आहे. तांत्रिक भाग असा की ब्रेक आट्यांवर फिरत बसतो, त्यामुळे शेवटी त्याची भोकं कुठल्या बाजूला येतील हे नशिबावर असतं. ०.२२३ ला साधारणपणे अर्धा इंच-२८ आणि ०.३०८ ला पाच अष्टमांश इंच-२४ असे आटे असतात. भोकं डावी-उजवीकडे बरोबर समतल यावीत म्हणून मध्ये वॉशर घालतात, दोन प्रकारचे. एक क्रश वॉशर, तो आवळला की चेपतो, हाताने घट्ट झाल्यावर पान्याने पुढे फिरवत भोकं जागेवर आली की थांबायचं. पुढे गेलं तर मागे फिरवायचं नाही, नवीन वॉशर घ्यायचा, चेपलेला परत धरत नाही. दुसरा प्रकार शिम, म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पातळ चकत्या, जमेल ती जोडी लावायची. अचूक रायफलवर शिमच बरे, दाब सगळीकडून सारखा पडतो. रायफल रिकामी, बॅरल नीट आवळून धरलेलं, पान्याचा जोर रिसीव्हरवर न जाऊ देता. आणि बसवल्यावर बोअरमधून सरळ अलाइनमेंट रॉड घालून तो ब्रेकच्या भोकात मधोमध दिसतो का ते बघायचं, तिथे गोळी ताशी हजारो किलोमीटरने जाते, चुकीला माफी नाही. शंका असेल तर गनस्मिथकडे द्यायला सांगा, मी असतो तर दिली असती.

मॅचच्या किती दिवस आधी हे बदल करावेत?

निदान तीन आठवडे. बसवल्यावर पहिल्या शंभरेक शॉटमध्ये स्क्रू थोडे बसतात, एकदा परत आवळावे लागतात, मग झिरो, मग शरीराला नवीन तोलाची सवय. आदल्या दिवशी काहीही हलवायचं नाही. इक्विपमेंट कंट्रोल झाल्यावर तर अजिबात नाही, तपासलेली रायफल नंतर बदलली तर बाद करतात. आणि प्रवासात केस आपटली असेल तर पहिला सायटर, म्हणजे गुण न धरला जाणारा सरावाचा शॉट, मारण्यापूर्वी नेलपॉलिशची रेघ बघा. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राचा फायनलपूर्वीचा सायटिंगचा पहिला शॉट चारवर गेला होता, साइट हललेली निघाली. त्याने तिथल्या तिथे क्लिक देऊन सावरलं आणि सुवर्ण घेतलं. सायटिंगची १५ मिनिटं त्यासाठीच असतात, पहिला शॉट विचित्र गेला तर मुलाने घाबरून स्वतःला दोष देत बसू नये, आधी पुढच्या टोकाकडे बघावं.

घरी हे सगळं करता येत नाही, कुठे करून घ्यावं?

पुण्यात बालेवाडीला किंवा मुंबईत वरळीच्या रेंजवर सराव करणाऱ्यांना जाणती माणसं आजूबाजूलाच भेटतात, ठाणे-कोल्हापूरकडेही आता चांगले क्लब आहेत. मात्र रायफल देऊन निघून जाऊ नका. मुलाला शेजारी उभं करा, ओळंबा त्याला लटकवू द्या, डायप्टरमधून त्यालाच बघू द्या आणि पट्टी दोऱ्याला समांतर झाली का ते त्याच्याच तोंडून ऐका. रायफल त्याची आहे, डोळाही त्याचाच लागणार आहे.